पहारेकऱ्याची नोंद आणि मोठ्यांच्या सह्या



नामवंतांच्या सह्या जमविण्याचा छंद आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. एखादा क्रिकेटपटू किंवा नट दिसला की वही-पेन पुढे करणारी मुले आपल्याही वस्तीत असतात. परंतु अमेरिकेत या छंदाची एक निराळीच शाखा आहे. राजकीय भानगडींत ज्यांची नावे गाजली, ज्यांना पदे सोडावी लागली, ज्यांतले काही तुरुंगातही जाऊन आले, अशा मंडळींची सहीनिशी पत्रे तेथे लोक हौसेने जमवितात. लिलावात बोली लावून ती विकत घेतात, चौकटीत बसवून भिंतीला लावतात. वॉटरगेट प्रकरणातील माणसांच्या सह्यांना तर तेथे आजही गिऱ्हाईक आहे.

ऐकून प्रथम हसू येते. ज्याने लबाडी केली त्याची सही जपून काय करायची, असे कोणीही विचारील. परंतु थोडे खोलात गेले म्हणजे ध्यानात येते की, कागद, सही आणि सत्य यांचे नाते काय असते हे या छंदातून चांगले कळते. शिवाय वॉटरगेटच्या कथेत एक कृष्णवर्णीय पहारेकरी आहे. त्याची कथा आपल्या घराघरांत सांगितली जावी असे आम्हांस मनापासून वाटते. म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे.

चिकटपट्टीने फोडलेली भानगड

१७ जून १९७२ ची रात्र. वॉशिंग्टन शहरातील वॉटरगेट या इमारतीत फ्रँक विल्स नावाचा २४ वर्षांचा तरुण रात्रपाळीला होता. आपल्या भाषेत सांगायचे तर वॉचमन. पगार आठवड्याला ८० डॉलरच्या आसपास. त्या इमारतीत डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय कार्यालय होते. मध्यरात्रीनंतर फेरी मारताना एका दाराला चिकटपट्टी लावलेली विल्सला दिसली. दार ओढून घेतले तरी कुलूप लागू नये अशी ती युक्ती होती. कामगारांपैकी कोणी लावली असेल असे समजून त्याने ती काढून टाकली. थोड्या वेळाने पुन्हा येऊन पाहतो तो चिकटपट्टी पुन्हा जागेवर! आता मात्र त्याने पोलिसांना फोन केला आणि पहाऱ्याच्या वहीत वेळ घालून तशी नोंद केली. पोलिस आले. पक्षाच्या कार्यालयात पाच माणसे पकडली गेली. चोरून बोलणे ऐकण्याची यंत्रे त्यांच्याजवळ सापडली.

साधी घरफोडी वाटणाऱ्या त्या प्रकरणाचा धागा वार्ताहर, न्यायालय आणि संसद यांनी सोडला नाही. तो राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या निवडणूक समितीपर्यंत आणि तेथून थेट व्हाइट हाऊसपर्यंत जाऊन पोहोचला. माजी अॅटर्नी जनरल जॉन मिचेल आणि निक्सन यांचे उजवे-डावे हात समजले जाणारे हाल्डमन व अर्लिकमन यांना १ जानेवारी १९७५ रोजी दोषी ठरविण्यात आले. जॉन डीन, गॉर्डन लिडी, हॉवर्ड हंट, चार्ल्स कोल्सन, जेब मॅग्रुडर यांनाही शिक्षा भोगाव्या लागल्या. निक्सन स्वतः मात्र न्यायालयापुढे उभे राहिले नाहीत. ९ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांनी पद सोडले आणि त्यांच्या जागी आलेल्या जेराल्ड फोर्ड यांनी ८ सप्टेंबर १९७४ रोजी त्यांना माफी देऊन टाकली.

छंद कसा चालतो?

शिक्षा भोगून बाहेर आलेल्या यांपैकी बहुतेकांनी पुस्तके लिहिली. कोल्सन आणि डीन यांची १९७६ मध्ये आली, हाल्डमन यांचे १९७८ मध्ये, लिडी यांचे १९८० मध्ये. नाव बदनाम झाले होते, पण नाव तर झाले होते! मग सह्या जमविणारे त्यांना पत्रे लिहू लागले. पद्धत साधी आहे. नम्र शब्दांत पत्र लिहायचे, सोबत एक कोरे कार्ड ठेवायचे आणि आपला पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीटही द्यायचे. उत्तर आले तर सही मिळाली, न आले तर तिकिटाचे पैसे गेले. ज्यांना इतकी वाट पाहायची नसते ते व्यापाऱ्याकडून किंवा लिलावातून घेतात.

या बाजारात सह्यांनाही पायऱ्या आहेत. संपूर्ण पत्र स्वतःच्या हस्ताक्षरात असेल तर त्याला मान मोठा. त्याखाली टंकलिखित पत्रावरची सही. त्यानंतर छायाचित्रावरची किंवा कार्डावरची. आणि कागदातून कापून घेतलेली नुसती सही सर्वांत शेवटी. मजकूर काय आहे यालाही फार महत्त्व आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छांबद्दल आभार मानणारे पत्र आणि ज्या प्रकरणामुळे माणूस पडला त्या प्रकरणाविषयी बोलणारे पत्र, या दोन्हींवर सही एकाच माणसाची असली तरी किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणजे बाजारालासुद्धा अखेर सत्याचीच भूक आहे म्हणायची!

खोट्याचा सुळसुळाट

जेथे किंमत आली तेथे लबाडी आलीच. मोठ्या पुढाऱ्यांना दररोज शेकडो कागदांवर सह्या कराव्या लागतात. त्यासाठी अमेरिकेत ऑटोपेन नावाचे यंत्र वापरतात. त्यात खरे पेन असते, खरी शाई असते, पण हात नसतो. काही वेळा चिटणीसच साहेबांची सही करून मोकळे होतात. जाणकार हे कसे ओळखतात? दोन सह्या एकमेकींवर धरून पाहतात. त्या तंतोतंत जुळल्या तर ती यंत्राची. जिवंत माणसाच्या दोन सह्या कधीच हुबेहूब सारख्या नसतात. कुठे अक्षर लांबते, कुठे हात थरथरतो.

वॉटरगेटच्या मंडळींनी तर कागदांशी केवढे खेळ केले! हॉवर्ड हंट यांनी १९६३ मधील एका हत्येचा ठपका माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर यावा म्हणून जुन्या सरकारी तारा नकली बनविल्या. पात्याने अक्षरे कापायची, चिकटवायची आणि त्याची झेरॉक्स काढायची, असा तो उद्योग होता.

दुसरे उदाहरण तर सह्यांच्या व्यापाराशीच जोडलेले आहे. निक्सन यांनी उपराष्ट्राध्यक्षपदाच्या काळातील आपली कागदपत्रे राष्ट्राला दान दिली आणि त्या दानाबद्दल आयकरात सूट मागितली. कागदांची किंमत लावली गेली ५ लाख ७६ हजार डॉलर. परंतु १९६९ च्या नव्या कायद्याने २५ जुलै १९६९ नंतरच्या अशा दानांवरील सूट बंद केली होती. दानपत्र तर झाले होते १९७० मध्ये. मग काय केले? त्यावर मागची, २७ मार्च १९६९ ही तारीख घातली. हे उघडकीस आले तेव्हा निक्सन यांना ४ लाख डॉलरहून अधिक थकलेल्या कराची मागणी आली. दानपत्रावर सही करणारे व्हाइट हाऊसचे वकील एडवर्ड मॉर्गन यांनी गुन्हा कबूल केला. किंमत ठरविणारे शिकागोचे राल्फ न्यूमन हे लिंकनविषयक ग्रंथांचे व जुन्या कागदांचे नावाजलेले व्यापारी. १९७५ मध्ये न्यायालयाने त्यांनाही दोषी ठरविले. आयुष्यभर खऱ्या-खोट्या कागदांची पारख केलेला माणूस खोट्या तारखेच्या कागदापायी अडकला. पंचशीलातील चौथे शील केवळ जिभेपुरते नाही, ते लेखणीलाही लागू आहे, हे आपण मुलांना सांगताना हे उदाहरण जरूर द्यावे.

तीन पत्रे

या प्रकरणात दोन सहीची पत्रे अशी आहेत की त्यांच्यापुढे लिलावातील सारी पत्रे फिकी पडावीत.

पहिले पत्र जेम्स मॅकॉर्ड यांचे. त्या रात्री पकडल्या गेलेल्या पाचांपैकी हे एक. शिक्षा सुनावली जाण्यापूर्वी, १९ मार्च १९७३ या तारखेचे पत्र त्यांनी न्यायाधीश जॉन सिरिका यांना लिहिले. आरोपींनी गुन्हा कबूल करून गप्प बसावे म्हणून राजकीय दबाव आणला गेला आणि खटल्यात खोट्या साक्षी झाल्या, असे त्यात सांगितले होते. २३ मार्च रोजी न्यायाधीशांनी ते भर न्यायालयात वाचून दाखविले. तेथून बांध फुटला. मॅकॉर्ड काही साधुपुरुष नव्हते. पण गप्प बसण्याने जे सोयीचे झाले असते ते त्यांनी नाकारले आणि खाली आपली सही केली.

दुसरे पत्र निक्सन यांचा राजीनामा. परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्या नावे लिहिलेले, एका वाक्याचे. पद सोडत आहे, एवढेच. किसिंजर यांनी सकाळी ११ वाजून ३५ मिनिटांनी ते मिळाल्याची नोंद आपल्या आद्याक्षरांनी केली. का सोडत आहे, कोणाची क्षमा मागत आहे, याविषयी त्या कागदावर एक अक्षर नाही.

हे वाचताना आपल्याला तिसरे पत्र आठवल्यावाचून राहत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी पंतप्रधान नेहरू यांना मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबर रोजी सभागृहात निवेदन करावयाचे होते, परंतु त्याची प्रत आधी दाखवावी अशी अट घातली गेली. बाबासाहेब सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले. हिंदू कोड बिलाची झालेली परवड, अनुसूचित जातींकडे झालेले दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, सारी कारणे त्यांनी जगापुढे मांडली. एकाने पद सोडले ते उत्तर द्यावे लागू नये म्हणून, दुसऱ्याने सोडले ते उत्तर देता यावे म्हणून. दोन्हींना राजीनामाच म्हणतात. फरक वाचकांनीच पाहावा.

कागद कोणाचे?

निक्सन यांच्यापर्यंत अमेरिकेत अशी वहिवाट होती की राष्ट्राध्यक्षाचे कागद ही त्याची खाजगी मालमत्ता. पद सोडताना तो ते घेऊन जाई. परंतु भानगडीचा पुरावाच आरोपीच्या घरी कसा जाऊ द्यायचा? डिसेंबर १९७४ मध्ये संसदेने कायदा करून निक्सन यांचे कागद व ध्वनिफिती सरकारच्या ताब्यात ठेवल्या. ते न्यायालयात गेले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा योग्य ठरविला. १९७८ मध्ये पुढच्या सर्व राष्ट्राध्यक्षांसाठीच कायदा झाला की, कारभाराचे कागद जनतेचे. मोबदल्याचा वाद मात्र चालूच राहिला आणि निक्सन यांच्या निधनानंतर, २००० साली, त्यांच्या वारसांच्या बाजूला १ कोटी ८० लाख डॉलर देऊन तो मिटला.

म्हणजे लिलावात जी पत्रे येतात ती बहुधा खाजगी पत्रे, आठवणीची पत्रे. सत्तेचा खरा पुरावा सरकारी दप्तरात आहे आणि कोणाही नागरिकाला तो पाहता येतो. ही मोठी गोष्ट आहे. माहितीचा अधिकार आपल्या देशात २००५ साली कायद्याने आला. त्याचे मोल वस्तीतल्या रेशनच्या दुकानापासून शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत आपण सर्वजण जाणतो.

ज्यांची सही नव्हती ते

अमेरिकेच्या संविधानावर १७ सप्टेंबर १७८७ रोजी ३९ जणांनी सह्या केल्या. त्यांत एकही कृष्णवर्णीय नव्हता, एकही स्त्री नव्हती. निक्सन यांच्यावर महाभियोग चालवावा की नाही याची चर्चा संसदेच्या न्यायविषयक समितीत झाली तेव्हा, २५ जुलै १९७४ रोजी, टेक्सासच्या बार्बरा जॉर्डन या कृष्णवर्णीय महिला सदस्य बोलायला उभ्या राहिल्या. संविधानाच्या आरंभी 'आम्ही लोक' असे म्हटले आहे, त्यात मी नव्हते. पुढे दुरुस्त्या झाल्या, न्यायालयांचे निर्णय झाले आणि अखेर मीही त्यात आले, अशा आशयाचे त्या बोलल्या. आणि म्हणून या संविधानाची मोडतोड मी उघड्या डोळ्यांनी पाहत बसणार नाही, असे त्यांनी बजावले. ज्यांच्या पूर्वजांना सही करू दिली नाही त्यांनीच संविधानाची राखण केली! आपल्या संविधानावर तर बाबासाहेबांची सही आहे. आपली जबाबदारी किती मोठी, हे वेगळे सांगावयास नको.

आणि फ्रँक विल्स? त्याला थोडे दिवस वाहवा मिळाली. या प्रकरणावर १९७६ मध्ये निघालेल्या चित्रपटात त्याने स्वतःचीच छोटी भूमिका केली. परंतु पगारात भरीव वाढ नाही, टिकाऊ नोकरी नाही. आजारी आईची सेवा करीत तो दक्षिण कॅरोलिनात राहिला. १९८३ मध्ये दुकानातून बूट उचलल्याच्या आरोपावरून त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. १९९३ मध्ये आई वारली तेव्हा दफनाला पैसे नव्हते, म्हणून तिचा देह वैद्यकीय संशोधनासाठी द्यावा लागला असे तेव्हा छापून आले. २७ सप्टेंबर २००० रोजी वयाच्या ५२ व्या वर्षी ऑगस्टा येथे त्याचे निधन झाले. त्याच वर्षी निक्सन यांच्या कागदांचे १ कोटी ८० लाख डॉलर मोजले गेले, हे येथे पुन्हा आठवावे. ज्यांनी कट केला त्यांची पुस्तके खपली. ज्याने कट पकडला त्याच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत.

तरीही एक गोष्ट त्याच्याकडून कोणी हिरावून घेऊ शकले नाही. त्या रात्रीच्या पहाऱ्याच्या वहीचे पान अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेले आहे. वॉचमनची ती साधी नोंद, घाईच्या अक्षरातली. ती कोणी मागितली नव्हती, तिचा लिलाव होणार नव्हता. तो आपले काम करीत होता, एवढेच. सह्या जमविणाऱ्या कोणालाही आम्ही नावे ठेवीत नाही. मात्र कोणी आम्हांस विचारले की या साऱ्या प्रकरणातील कोणता कागद भिंतीला लावाल, तर आम्ही त्या पानाची नक्कल लावू.

आपल्या घरातले कागद

वाचकहो, कागद जपणारा असला म्हणजे काय होते, याचे आपल्या जिव्हाळ्याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांनी तेथील थोर कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. निग्रोंच्या प्रश्नाचा मी अभ्यासक आहे, असे सांगून संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या निग्रोंच्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागितल्या. ३१ जुलै रोजी ड्यू बॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तर गेले. ड्यू बॉइस यांचे दप्तर पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जतन झाले, म्हणून आज ही पत्रे आपल्याला पाहता येतात. कोणी ती रद्दीत टाकली असती तर दोन दुःखितांच्या चळवळींतील हा दुवा आपल्याला पुराव्यानिशी दाखविता आला नसता.

आता आपल्या घरांकडे पाहू. आपल्या पणजोबांना सही करू दिली नाही, कारण अक्षरच शिकू दिले नाही. सावकाराने पुढे केलेल्या कागदावर त्यांनी अंगठा उठविला आणि त्या कागदात काय लिहिले आहे हे त्यांना शेत गेल्यावर कळले. त्यानंतरच्या पिढीने पहिली सही केली ती शाळेच्या दाखल्यावर, गिरणीच्या हजेरीपत्रकावर, युनियनच्या कार्डावर. हे कागद आजही पुष्कळांच्या ट्रंकेत, गादीखाली, फोटोच्या पाठीमागे असतील. बाजारात त्यांना कोणी दमडी देणार नाही. पण आपला इतिहास दुसरे कोण लिहून ठेवणार आहे?

म्हणून माताभगिनींना आमची विनंती आहे. दिवाणखान्यातील कपाटात एक जागा या कागदांसाठी करा. आजोबांचे पत्र, आईचा शाळेचा दाखला, धम्मदीक्षेचे प्रमाणपत्र, मोर्चाचे पत्रक, जे असेल ते एकत्र ठेवा. फाटलेला कागद चिकटपट्टीने जोडू नका, काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून अक्षरे खातो. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा निघत नाही. उन्हात व ओलीत ठेवू नका, शाई उडते. मागच्या बाजूला पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा, कोणाचे, कधीचे, कोणत्या गावचे. एक झेरॉक्स काढून दुसऱ्या भावंडाकडे ठेवा. मोबाईलवर फोटो घेतलात तरी मूळ कागद टाकू नका.

आणि मुलगा किंवा मुलगी प्रथम सही करावयास शिकेल तेव्हा आणखी दोन गोष्टी जरूर शिकवा. वाचल्याशिवाय सही करायची नाही आणि कोऱ्या कागदावर तर कोणीही सांगितले तरी करायची नाही. खोट्या तारखेखाली, खोट्या दाखल्याखाली, खोट्या साक्षीखाली आपले नाव येऊ द्यायचे नाही. नोकरीत वही पुढे आली तर जे डोळ्यांनी पाहिले तेच तिच्यात लिहायचे, मग ती वही कलेक्टर कचेरीतली असो की इमारतीच्या दारावरची.

नमो बुद्धाय. जयभीम.